शांत बसणे आणि शांती करणे

मराठीत 'शम्' धातूच्या पोटी जी भावंडे जन्मली, ती वेगवेगळ्या घरी नांदली. 'शांतता' वर्गात, इस्पितळात आणि न्यायालयात गेली आणि तिथे तिला हुकमाचा आवाज मिळाला. 'शांतता!' असे कोणी म्हणाले की ऐकणाऱ्याने तोंड मिटायचे असते. विजय तेंडुलकरांनी १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या आपल्या नाटकाच्या शीर्षकातच हा शब्द ठेवला. ज्या बाईचे बोलणे कोणालाच ऐकायचे नाही तिच्यासमोर तो कसा हातोड्यासारखा आपटतो, हे 'शांतता! कोर्ट चालू आहे' शिकवताना दर वर्षी नव्याने जाणवते. 'शांती' मात्र देवघरात, काव्यशास्त्रात आणि राजकारणात रमली. भरताच्या आठ रसांत शांत नव्हता. तो पुढे नववा म्हणून आला आणि अभिनवगुप्ताने त्याची बाजू मांडली. ज्ञानदेवांनी तर अकराव्या अध्यायाच्या आरंभी शांताला घरमालक केले आणि अद्भुताला त्याच्याकडे पाहुणा म्हणून आणले.

तिसरे एक घर आहे आणि आम्हाला ते अधिक मोलाचे वाटते. वास्तुशांत, उदकशांत, ग्रहशांत हे शब्द पाहा. इथे 'शांत' ही करायची गोष्ट आहे. तिला दिवस ठरवावा लागतो, सामान आणावे लागते, माणसे बोलवावी लागतात, खर्च येतो. 'क्षुधाशांती' तर नुसत्या मंत्राने होतच नाही, तिला भाकर लागते. म्हणजे शांती ही गप्प राहिल्याने लाभत नाही, हातांनी घडवावी लागते, ही समजूत मराठीला मुळातच आहे. येशूच्या डोंगरावरील प्रवचनातही धन्यता शांत बसणाऱ्यांच्या वाट्याला आलेली नाही, ती शांती करणाऱ्यांच्या वाट्याला आली आहे. 'बसणे' आणि 'करणे' ह्या दोन क्रियापदांतले अंतर आम्हाला पुस्तकातून कळले नाही. ते कळले म्हसावदच्या बाजूला, मे महिन्याच्या उन्हात, एका हापशापाशी. त्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे.

एम.ए.च्या आगेमागे, २००१ ते २००३ अशा तीन उन्हाळ्यांत, आम्ही दोघे शहादे तालुक्यातल्या एका चर्चच्या उन्हाळी बालशिबिरांत 'शांतिसेवक' म्हणून काम करत होतो. आमच्यातली एक ख्रिस्ती घरातली, दुसरा वारकरी घरातला. म्हसावद हे सातपुड्याच्या पायथ्याचे मोठे गाव आहे. शहाद्याहून तोरणमाळकडे जाणारा रस्ता तिथून पुढे डोंगराला भिडतो. बाजारपेठेत उभे राहिले की गुजर, भिल्ल, पावरा अशा निरनिराळ्या समाजांच्या बोली एका वेळी कानावर पडतात, अहिराणीही पडते. शाळेतली मराठी ही ह्यांतल्या बहुतेकांच्या घरची भाषा नव्हे, ती सगळ्यांनी मिळून शिकलेली भाषा आहे. शिबिरातली मुले अशीच होती. काही पाड्यांवरची, काही गावातली, बहुतेक ख्रिस्ती, काही नुसतीच सुटी घालवायला आलेली. सकाळी गाणी, मग बायबलमधली गोष्ट, दुपारी हस्तकला, संध्याकाळी खेळ. त्यांतला एक तास 'शांतीचा तास' म्हणून आमच्या वाट्याला आला होता.

त्या तासासाठी एक पुस्तिका होती. मूळ अमेरिकी पुस्तिकेवरून कोणीतरी ती मराठीत आणली होती. भांडण झाले तर काय करावे, ह्याच्या तिने पाच पायऱ्या सांगितल्या होत्या : थांबा, श्वास घ्या, समोरच्याचे ऐका, क्षमा मागा, हात मिळवा. उदाहरण होते झोक्यावरून झालेल्या भांडणाचे. आमच्या शिबिराच्या आवारात झोका नव्हता. हापसा होता.

ह्या भागात त्या वर्षांत चर्चने मुलांना शांती शिकवायला घ्यावी, ह्याला कारण होते. डिसेंबर १९९८ च्या नाताळात शेजारच्या डांग जिल्ह्यात चर्चवर हल्ले झाले, प्रार्थनाघरे जाळली गेली. जानेवारी १९९९ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी डांगला येऊन गेले आणि त्यांनी धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी असे म्हटले. डांग आणि नवापूर ह्यांच्यामध्ये राज्याची सीमा असली तरी सोयरिकी ती सीमा मानत नाहीत. पुढे २००२ मध्ये गुजरातेत जे घडले त्याची धग नंदुरबार जिल्ह्याला जाणवल्याशिवाय कशी राहणार? त्या वर्षीच्या मे महिन्यात मुलाला शिबिरात सोडायला आलेल्या एका बापाने आम्हाला सरळ विचारले, "दादा, शांती शिकवता म्हणजे पोराला मार खायला शिकवता का?" त्याचे नातेवाईक सीमेपलीकडे होते. प्रश्नात टोमणा नव्हता, काळजी होती. पुस्तिकेत ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते आणि वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षी ते आमच्याजवळही असण्याचे कारण नव्हते. पुढची वीसेक वर्षे वाचन-अध्यापनात जे हाती लागले, ते ह्याच प्रश्नाभोवती गोळा होत गेले आहे.

युद्धात भाग घेणे हे ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही, असे मानणारे तीन जुने ख्रिस्ती पंथ आहेत : क्वेकर, मेनोनाइट आणि ब्रेदरन. त्यांना 'शांतिचर्च' म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांतल्या ब्रेदरन पंथाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वलसाडला आले. पुढे डांगमधील आहवा आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू इथवर त्यांचे काम पसरले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चच्या ऐक्यातून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले, तेव्हा त्या सहांत भारतातले ब्रेदरन चर्चही होते. ज्या डांगात शांतीला धर्मतत्त्व मानणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शाळा चालवल्या, त्याच डांगात १९९८ चा नाताळ तसा उजाडला. ह्याला दैवदुर्विलास म्हणून सोडून देता येते. पण त्या बापाच्या प्रश्नाचे वजन ह्यातून वाढते, हे खरे.

क्वेकरांचा महाराष्ट्राशी संबंध निराळ्या वाटेने आला. मार्जोरी साइक्स ह्या इंग्रज क्वेकर बाई रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात राहिल्या, त्यांनी त्यांची नाटके इंग्रजीत नेली आणि गांधीजींच्या हत्येनंतरच्या वर्षांत त्या सेवाग्रामच्या नई तालीममध्ये शिकवू लागल्या. डिसेंबर १९४९ मध्ये शांतिनिकेतन आणि सेवाग्राम येथे जागतिक शांतिवादी परिषद भरली, तेव्हा युरोप-अमेरिकेतले ख्रिस्ती शांतिवादी आणि गांधींचे सहकारी समोरासमोर बसले. १९५७ मध्ये विनोबांनी शांतिसेना उभी केली. हेच विनोबा १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलले होते आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले होते, हे मराठीच्या विद्यार्थ्याला निराळे सांगायला नको. शांतिसेनेच्या प्रशिक्षणात साइक्सबाईंचा हात होता आणि साठच्या दशकात नागा प्रदेशातल्या शस्त्रसंधीवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळींतही त्या होत्या. म्हणजे 'शांती' हा विषय शिकवता येतो, त्याचे शिबिर घेता येते, ही कल्पना चर्च आणि आश्रम ह्या दोन्ही बाजूंनी वाढत आली.

अशा शिबिरांतल्या एकाची हकिगत आम्हाला फार बोलकी वाटते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ग्राइंडस्टोन नावाचे एक लहानसे बेट आहे. तिथे क्वेकर मंडळी उन्हाळ्यात अहिंसेची शिबिरे घेत. ऑगस्ट १९६५ मध्ये त्यांनी एक प्रयोग केला. शिबिरार्थींपैकी काहींनी आक्रमक सैन्याची भूमिका घेतली, बाकीच्यांनी बेटाचे निःशस्त्र संरक्षण करायचे ठरले. प्रयोग एकतीस तासांनी थांबवावा लागला. तोवर निःशस्त्र बाजूची तेरा माणसे खेळात 'मारली' गेली होती. आयोजकांनी हे लपवले नाही, त्यावर पुस्तक लिहिले. शांतीवर श्रद्धा असणे वेगळे आणि समोर हुकूम देणारा माणूस उभा असताना एकत्र निर्णय घेता येणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला सराव लागतो आणि सरावात हरावेही लागते, एवढे त्या बेटावर सिद्ध झाले. ह्याच बेटावर १९८१ मध्ये 'पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल' ही संस्था जन्माला आली आणि तिच्या संस्थापकांत शांतिसेनेचे नारायणभाई देसाई होते.

नारायणभाईंच्या आणि जयप्रकाशांच्या भोवती त्याआधी तरुण शांतिसेना उभी राहिली होती. महाराष्ट्रातही अनेक तरुण तिच्या शिबिरांतून घडले. दुसरीकडे साठच्या दशकाच्या अखेरीस बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. पहाटे कुदळ-फावडे, दुपारी चर्चा, रात्री गाणी असा तिचा क्रम. महाराष्ट्रातल्या एका पिढीला मे महिना आणि 'शिबिर' हे शब्द जोडीने आठवतात, त्याचे श्रेय मुख्यतः राष्ट्र सेवा दलाच्या आणि सोमनाथच्या ह्या परंपरेला आहे. आणि ह्याच परंपरेतले काही तरुण सत्तरीच्या आरंभी आमच्या शहादे तालुक्यात आले.

ते आले तेव्हा इथे शांतता नव्हती आणि शांतीही नव्हती. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्यासाठी गेलेल्या भुकेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. क्षुधाशांती मागायला गेलेल्यांना असे उत्तर मिळाले. अंबरसिंग सुरतवंती हा भजने गाणारा, लोक ज्याला 'महाराज' म्हणत असा भिल्ल तरुण त्याआधीपासून गावोगाव लोकांना जागे करत होता. सर्वोदयाचे कार्यकर्ते त्याच्या सोबतीला आले, ग्रामस्वराज्य समिती झाली आणि ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. तारीख गांधीजींच्या हत्येची होती आणि मागणी जमिनीची होती. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकरांसारखा अभियंता आपला पेशा सोडून तिच्यात आला आणि २०२२ मध्ये निधन होईपर्यंत शेतमजुरांच्याच कामात राहिला. बाहेरून आलेले तरुण इथे आले ते सेवा करायला. राहिले ते संघटना करायला. शांतीच्या शिबिरातून निघालेली वाट संघर्षाच्या सभेत पोचली, ह्यावर त्या काळी सर्वोदयी वर्तुळांत बराच वाद झाला. आम्हाला त्या वादाचा निकाल द्यायचा नाही. एवढेच सुचवायचे आहे की ती वाट सोडलेली नसून पुढे गेलेली असू शकते.

ह्याचा पुरावा म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना त्या चळवळीतल्या स्त्रियांच्या शिबिराची गोष्ट सांगतो. मारिया मीस, गेल ऑम्व्हेट अशा अभ्यासकांनी शहाद्याच्या स्त्रियांविषयी लिहिले आहे. १९७२-७३ च्या सुमारास शेतमजूर स्त्रियांची शिबिरे भरली. त्यांत बायकांनी मजुरीबरोबरच नवऱ्याच्या दारूचा आणि मारहाणीचा विषय काढला, आणि चर्चेवर न थांबता त्या उठून दारूचे गुत्ते फोडायला निघाल्या. शिबिराला वेळापत्रक असते, वक्ते असतात, समारोप असतो. ज्यांच्यासाठी शिबिर भरवले त्या उठून चालू लागल्या की हे सगळे मोडते. त्या दिवशी गावात शांतता नव्हती हे नक्की. पण ज्या घरात रात्री बाईला मार बसत होता, त्या घरात शांती करण्याचे काम त्या दिवशी सुरू झाले, हे कोण नाकारील?

आता हापशाकडे येऊ. २००२ च्या शिबिरातला तो पाचवा दिवस होता. पाड्यावरच्या एका अकरा-बारा वर्षांच्या मुलीने गावातल्या एका मुलाची भरलेली बादली लाथेने उलटवली. मे महिन्यात पाणी सांडणे हा लहान गुन्हा नव्हे. शांतीच्या तासाला दोघांना मध्ये बसवले आणि पुस्तिकेच्या पायऱ्या सुरू झाल्या. मुलगा शहाणा होता, शाळेत बक्षिसे मिळवणारा होता. त्याने पहिल्या चार पायऱ्या भराभर ओलांडल्या, "सॉरी" म्हणाला आणि हात पुढे केला. मुलीने हात पाठीमागे नेले.

"ताई, सॉरी नको. उद्या पहिला नंबर कोणाचा ते सांगा."

मुले हसली. मग मागून दुसरी एक मुलगी म्हणाली की रोज आम्हीच हापसतो आणि हे आधी भरतात. मग तिसरा बोलला. पाणी काढायला जोर लागतो आणि पाड्यावरच्या मुलांना तो आहे, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. त्यामुळे दांडा नेहमी त्यांच्या हातात आणि बादली नेहमी दुसऱ्यांची. हा क्रम कोणी ठरवलेला नव्हता, तो पडून गेला होता. समाजातले बहुतेक क्रम असेच पडून गेलेले असतात आणि म्हणूनच ते कोणाला दिसत नाहीत. त्या संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम झाला नाही. चिठ्ठ्या टाकून हापसण्याच्या आणि भरण्याच्या पाळ्या ठरल्या. त्यावर मुलांची आणखी तासभर भांडणे झाली. स्वयंपाकाच्या मावशींनी आपलीही पाळी मागून घेतली, कारण त्यांच्या हंड्यांना तोवर नंबरच नव्हता.

त्या दोघांनी हात मिळवले नाहीत. शिबिर संपेपर्यंत नाहीत. पुस्तिकेच्या हिशेबाने पाचवी पायरी राहून गेली. पण पाण्यावरून भांडण पुन्हा झाले नाही आणि ती मुलगी पुढचे सगळे दिवस शांतीच्या तासाला पुढच्या ओळीत बसली. तिला समेट नको होता असे नाही. समेट झाल्यावर उद्या सकाळी काय बदलेल, एवढेच तिला आधी हवे होते. हात मिळवणे ही भांडणाची शेवटची पायरी असते, हे आम्ही पाठ केले होते. ती पायरी मुकाट्याने ओलांडायला लावणे हाही 'शांतता!' असा हुकूमच ठरतो, हे तिने दाखवले.

वर्गात वाहरू सोनवणे ह्यांची 'स्टेज' ही कविता शिकवताना ही मुलगी डोळ्यांपुढे येते. वाहरू हे श्रमिक संघटनेच्याच चळवळीतून आलेले भिल्ल कवी. त्यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ चा. ज्यांच्या दुःखाविषयी बोलले जाते ते स्टेजखाली राहतात आणि त्यांचे दुःख त्यांनाच समजावून सांगितले जाते, अशी त्या कवितेतली खंत आहे. बाहेरून आलेल्या प्रत्येक शिबिराला, मग ते चर्चचे असो, सर्वोदयाचे असो, डाव्यांचे असो की आमच्या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे असो, ही कविता आरसा दाखवते. कार्यक्रम आखणारे आणि कार्यक्रमाला बसणारे अशी विभागणी झाली की शांती हा वरून खाली वाटायचा प्रसाद होतो.

ह्यावर कोणी विचारील, आणि विचारावेच, की मग त्या बापाला काय सांगायचे? हापशाची पाळी बदलली म्हणून जाळपोळ करणारा जमाव थांबतो का? थांबत नाही. पुस्तिका हातात घेतलेला विशीतला शांतिसेवक जमावापुढे काय करू शकेल, ह्याविषयी भाबडेपणा नको. ग्राइंडस्टोनच्या तेरा 'मृतां'नी तो भाबडेपणा १९६५ मध्येच संपवला आहे. पण जमाव एका रात्रीत जमत नाही. वर्षानुवर्षे जे प्रश्न कोणी विचारू दिले नाहीत, ज्या पाळ्या 'पडून गेल्या', ज्या शेजाऱ्यांनी एकमेकांशी भांडण्याऐवजी गप्प राहणे पसंत केले, त्यांच्यावर तो पोसला जातो. भांडण उघड्यावर करण्याची, ऐकून घेण्याची आणि शेवटी काहीतरी बदलून उठण्याची सवय ज्या गावाला आहे, त्या गावाला अफवा पेटवणे थोडे कठीण जाते. शांतीचे शिबिर ह्यापेक्षा मोठे आश्वासन देऊ शकत नाही. मार खायला शिकवणे ते हे नव्हे. मार बसण्याच्या कितीतरी आधी तोंड उघडायला शिकवणे हे आहे, आणि ते शिकवायचे असेल तर शिकवणाऱ्याला आधी समोरच्याचे तोंड उघडलेले सोसावे लागते.

आम्ही दोघे आज ज्या व्यवसायात आहोत त्यात 'शांत बसा' हे वाक्य दिवसातून अनेकदा उच्चारावे लागते. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात त्याशिवाय चालत नाही, हे कोणत्याही अध्यापकाला मान्य होईल. तरीही मागच्या बाकावरून, एखाद्या पाड्यावरून रोज बसने येणाऱ्या विद्यार्थिनीने कवितेच्या मधोमध उठून "सर, पण हे आमच्याबद्दल कोणी लिहिले आणि आम्हाला विचारून लिहिले का?" असे विचारले, तर घड्याळाकडे पाहू नये. अभ्यासक्रमाचा तेवढा भाग पुढच्या तासाला होतो. शांतरसाला ज्ञानदेवांनी घर दिले, पाहुणे दिले. ते घर दार लावून बसलेल्या माणसाचे नाही.